जुन्या मनोऱ्याची नाडी कुठे धरायची

१७ मार्च १९८९ च्या सकाळी इटलीतल्या पाविया शहरातला नागरी मनोरा कोसळला आणि चार माणसे गेली. भूकंप झाला नव्हता, वादळही नव्हते. शतकानुशतके उभा असलेला विटांचा मनोरा स्वतःच्या वजनाखाली बसला. ढिगाऱ्यातल्या बांधकामाच्या तुकड्यांवर नंतर प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. भिंत सुमारे २.८ मीटर जाड होती, पण विटांची बाहेरची आणि आतली कवचे पातळ होती. मधला सगळा भाग चुन्यात बसवलेल्या दगडगोट्यांचा आणि विटांच्या तुकड्यांचा भरणा होता. असा भरणा कायमच्या ओझ्याखाली हळूहळू दबत राहतो. अभियंते त्याला ‘क्रीप’ म्हणतात. भरणा दबला की त्याचे ओझे ताठ कवचांवर सरकते, कवचांना उभे बारीक तडे जातात, आणि एका टप्प्यानंतर ही प्रक्रिया आपोआप वेग घेते.

हे आधी सांगायचे कारण असे की जुन्या मनोऱ्यावर देखरेख ठेवायची म्हटले की आजकाल पहिला विचार येतो तो माथ्यावर कंपनमापक बसवण्याचा. ती पद्धत चांगली आहे आणि तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिले आहेच. पण पावियासारखा आजार पायथ्याच्या भिंतीत असतो, आणि माथ्यावरच्या कंपनात तो फार उशिरा उमटतो. म्हणून उपकरणांची यादी करण्याआधी मनोऱ्याला नेमकी कशाची भीती आहे हे ठरवावे लागते. भूकंपाची, पाया खचण्याची, घंटांच्या हेलकाव्यांची, की स्वतःच्या ओझ्याची? प्रत्येक भीतीला वेगळी जागा आणि वेगळे उपकरण लागते.

ओझ्याचा अंदाज कागदावरही येतो. विटांच्या बांधकामाचे वजन घनमीटरला साधारण १.८ टन धरा. मनोरा ६० मीटर उंच आणि भिंत खालपासून वरपर्यंत सारख्या जाडीची असेल, तर पायथ्याशी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ११ किलो भार येतो. हा आकडा निरुपद्रवी वाटतो. पण भरणा असलेल्या कमकुवत भिंतीची दाब सोसण्याची ताकदच २० ते ३० किलो असू शकते. त्यात भिंतीच्या जाडीतून वर जाणारा जिना, दारांची कापलेली तोंडे, मनोऱ्याचा कल आणि नंतरच्या काळात वर चढवलेला जड घंटामजला मिळवा. एखाद्या कोपऱ्यावरचा भार सहज दीडपट होतो आणि ताकदीच्या निम्म्याच्या पुढे जातो. क्रीप धोकादायक होऊ लागतो तो याच पट्ट्यात.

हा अंदाज जागेवर तपासायला फ्लॅट जॅक वापरतात. सांध्यातला चुना करवतीने कापून आडवी फट करायची. कापण्याआधी फटीच्या वर आणि खाली बसवलेल्या खुणांमधले अंतर मोजून ठेवायचे. फट कापल्यावर वरचा भाग किंचित खाली येतो आणि अंतर कमी होते. मग फटीत पातळ पोलादी पिशवीसारखा जॅक सरकवून तेलाचा दाब वाढवत जायचे. अंतर मूळ आकड्यावर आले की तो दाब जॅकच्या आणि क्षेत्रफळाच्या गुणकांनी गुणून भिंतीतला ताण मिळतो. नेहमीचा अर्धगोल जॅक सुमारे ३५ सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर खोल असतो, म्हणजे तो फक्त बाहेरच्या कवचाची गोष्ट सांगतो. भरण्याबद्दल त्याला काही कळत नाही. भरण्यासाठी सांध्यात छोटे भोक पाडून एंडोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालावा आणि भिंतीच्या आरपार सोनिक चाचणी करावी, म्हणजे एका बाजूने ठोका देऊन लहर दुसऱ्या बाजूला किती वेळात पोचते ते मोजावे. लहरींचा वेग सेकंदाला १००० मीटरच्या खाली आला तर आत पोकळ्या किंवा सुटलेला माल आहे असे समजायचे. २००० च्या वर असेल तर बांधकाम बरेच एकसंध आहे. या चाचण्या एकदाच करायच्या असल्या तरी पुढची सगळी देखरेख त्यांच्यावर उभी राहते.

तडा कोणता मोजायचा

इथे एक चूक वारंवार होते. मोजमापक बसवायला आलेला माणूस सगळ्यात रुंद तडा शोधतो. तो बहुतेक वरच्या खिडकीच्या कमानीवर असतो, १०–१५ मिमी रुंद, फोटोत उठून दिसणारा. तो कित्येकदा दोनशे वर्षांपूर्वीचा असतो आणि थंडी-उन्हाबरोबर उघडझाप करण्यापलीकडे काही करत नाही. खरी भीती खालच्या तिसऱ्या भागातल्या केसासारख्या उभ्या तड्यांची असते. ते एकेकटे नसतात. कोपऱ्याजवळ, जिन्याच्या पोकळीशेजारी, दाराच्या बाजूला हातभर रुंदीत तसे पाच-सहा सापडतात आणि विटा कापून पुढे जातात. तडा सांध्यातून वळत गेला तर तो पाया खचल्यामुळे किंवा हालचालीमुळे असू शकतो. वीट किंवा दगड फोडून सरळ उभा गेला, तर भिंत दाबाखाली भरडली जात आहे. त्या जागी भिंत किंचित फुगलीही असेल, तर बाकी सगळे बाजूला ठेवून पहिले मोजमापक तिथे लावावे.

हाताने मोजायचे असेल तर तड्याच्या दोन्ही बाजूंना पोलादी टिकल्या चिकटवून डायल गेज वापरावा. त्याने मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत वाचता येते. एकावर एक सरकणाऱ्या प्लास्टिकच्या जाळीदार पट्ट्या स्वस्त पडतात, पण त्यांवर दहाव्या भागापेक्षा बारीक वाचन भरवशाचे नसते. आपोआप नोंदीसाठी कायम बसवलेले विस्थापनमापक लावतात. दीर्घकाळ टिकायला तारेच्या कंपनावर चालणारे मापक उत्तम, कारण लांब केबलमुळे त्यांचे वाचन बिघडत नाही. तड्यावर काचेची पट्टी चिकटवण्याची जुनी रीत मात्र सोडून द्यावी. काच फुटली एवढेच ती सांगते. किती, कधी आणि कोणत्या दिशेने हालचाल झाली हे सांगत नाही. नुसत्या उन्हानेही ती फुटते.

अर्थात काच फुटणे कधीकधी शेवटचा इशाराही असतो. व्हेनिसचा सान मार्को घंटामनोरा १४ जुलै १९०२ ला कोसळला. त्याआधी काही दिवस त्याच्या पायथ्याशी टेकलेल्या छोट्या इमारतीच्या छताचे काम करताना मनोऱ्याच्या भिंतीत खाच कापली गेली होती. तडा वर चढत गेला आणि त्यात बसवलेल्या काचा तुटल्या. इशारा मिळाला तेव्हा हाती फक्त माणसे हटवण्याइतका वेळ होता.

मोजमापकाचे स्वतःचे शरीरही तापते, म्हणून प्रत्येक दोन-तीन मापकांमागे एक ‘साक्षीदार’ मापक धड भिंतीवर लावायचा. तो जे दाखवेल ते उपकरणाचे आणि धड भिंतीचे तापमान-वर्तन असते. तड्यावरच्या वाचनातून ते वजा करायचे.

मनोऱ्याचा श्वास

तापमानाने मनोरा किती हलतो याची कल्पना आधी घेतली नाही, तर पुढचा प्रत्येक आलेख घाबरवून सोडतो. विटांच्या बांधकामाचा प्रसरणांक अंशाला सुमारे ६ दशलक्षांश असतो. ४० मीटर उंच मनोऱ्याच्या भिंतीचे सरासरी तापमान हिवाळा ते उन्हाळा २० अंशांनी बदलले तर त्याची उंची जवळपास ५ मिमी वाढते. एका बाजूवर ऊन पडून ६ मीटर रुंदीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींच्या सरासरी तापमानात ३ अंशांचा फरक पडला, तर माथा सावलीच्या बाजूला सुमारे अडीच मिमी झुकतो. हे रोज घडते आणि रोज परत येते.

शिवाय उष्णता जाड भिंतीत रेंगाळते. दिवस-रात्रीची लाट १२ सेंटिमीटर खोलीवर साधारण एक-तृतीयांश उरते आणि तिथे पोचायला जवळपास चार तास घेते. वर्षाची लाट मात्र दोन मीटरपेक्षा खोल जाते, आणि १ मीटर खोलीवर ती तीन-साडेतीन आठवडे उशिरा पोचते. म्हणून फक्त हवेचे तापमान नोंदवणे ही मोठी उणीव ठरते. उन्हाच्या आणि सावलीच्या भिंतीत प्रत्येकी किमान दोन खोलींवर, म्हणजे ५ आणि ३० सेंटिमीटरवर, तापमानमापक हवेत. शक्य असेल तर एक गाभ्यातही. सगळ्या व्यवस्थेत सर्वांत स्वस्त भाग हाच, आणि काटकसर करताना पहिली कात्री यालाच लागते. त्यानंतर वर्षभर गोळा केलेल्या महागड्या आकड्यांचा अर्थ लावता येत नाही.

तडे थंडीत उघडतात आणि उन्हाळ्यात मिटतात. वर्षभरातली ही उघडझाप ०.४ मिमी असेल आणि कायमची वाढ वर्षाला ०.०२ मिमी असेल, तर एका वर्षाच्या आलेखात ती वाढ दिसणारच नाही. निदान तीन हिवाळे एकमेकांवर ठेवून पाहावे लागतात. हिवाळ्यात उघड्या तड्यात वरून चुन्याचा भुगा पडतो. उन्हाळ्यात तडा मिटायला जातो तेव्हा तो भुगा पाचरीसारखा अडतो. पुढच्या हिवाळ्यात तडा थोडा आणखी उघडतो. वाढ भाराने होत आहे की या पाचरीने, हे ओळखायला उन्हाळ्यातला किमान आकडा पाहावा. हिवाळ्यातली कमाल जवळपास तीच राहून किमान आकडा तेवढा वर चढत असेल, तर आधी पाचरीचा संशय घ्यावा.

कल मोजायला सर्वांत विश्वासू साधन अजूनही ओळंबा आहे. वरून सोडलेली स्टेनलेस पोलादी तार, खाली तेलाच्या भांड्यात बुडवलेले वजन, आणि तारेची जागा वाचणारे प्रकाशीय उपकरण. तेल झोके शमवते. तारेभोवती नळी नसेल तर जिन्यातला वारा वाचन बिघडवतो. इलेक्ट्रॉनिक टिल्टमीटर (कलमापक) लावायला सोपे असतात, पण वर्षानुवर्षांत त्यांचे शून्य सरकते. म्हणून वर्षातून दोनदा, तेही दरवर्षी त्याच महिन्यात आणि सूर्योदयाआधी, टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षण-दुर्बिणीने) आणि पायाच्या खुणांच्या लेव्हलिंगने (उंचीतला फरक मोजून) पडताळणी करावी. पिसाच्या मनोऱ्याचे नियमित मोजमाप १९११ पासून आहे. त्या लांब नोंदीमुळेच १९३४ मध्ये पायात सिमेंटचा माल दाबून भरला तेव्हा, आणि १९७० च्या दशकात आसपास भूजल उपसले गेले तेव्हा, कल कसा उडी घेत गेला हे ओळखता आले. पुढे उत्तर बाजूखालची सुमारे ३८ घनमीटर माती थोडी थोडी काढून कल साधारण अर्ध्या अंशाने कमी केला गेला. प्रत्येक टप्प्यावर मनोरा काय उत्तर देतो हे मोजूनच पुढची माती काढली जात होती.

माथ्यावरची कंपने

आता कंपनांकडे. मनोरा वाऱ्याने आणि रहदारीने सतत थरथरत असतो. त्या थरथरीतून त्याच्या नैसर्गिक वारंवारता मिळतात, म्हणजे तो आपल्या स्वभावानुसार सेकंदाला किती वेळा झुलतो ते आकडे (हर्ट्झमध्ये). ३० ते ६० मीटरच्या दगड-विटांच्या मनोऱ्यांत पहिली वारंवारता साधारण १ ते २ हर्ट्झच्या आसपास असते. वारंवारता ताठरतेच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, म्हणजे ती १ टक्का घटली तर ताठरता सुमारे २ टक्के घटली.

ही थरथर गुरुत्वत्वरणाच्या दहाहजाराव्या ते लाखाव्या भागाइतकीच असते. त्यामुळे फोनमध्ये असतात तशा स्वस्त सेन्सरच्या गोंगाटात ती बुडते. प्रति जी (म्हणजे एका गुरुत्वत्वरणाला) १० व्होल्ट देणारे, त्वरण मोजणारे पिझोइलेक्ट्रिक अ‍ॅक्सिलरोमीटर आणि २४ बिटचा लॉगर (नोंदयंत्र) ही सुरक्षित निवड. सुरुवातीला एकदा चार-पाच पातळ्यांवर मोजून कंपनांचे आकार काढावेत. कायमच्या देखरेखीला माथ्याजवळचे तीन चॅनेल, म्हणजे एकेका दिशेचे तीन सेन्सर, पुरतात. दोन एकाच दिशेने, समोरासमोरच्या भिंतींवर. तिसरा त्यांना काटकोनात. यातून दोन्ही दिशांचे वाकणे आणि पीळ वेगळे होतात. एकाच जागी तीन दिशांचा सेन्सर ठेवला तर पीळ हातून निसटतो, आणि मनोऱ्याच्या कोपऱ्यातल्या बिघाडाबद्दल पीळच पुष्कळदा जास्त बोलतो.

सेन्सर लाकडी तक्तपोशीवर किंवा घंटेच्या चौकटीवर लावू नये, भिंतीवरच लावावा. कोनी पोलादी पट्टी आखूड आणि जाड हवी. पातळ पट्टी स्वतःच थरथरते आणि आलेखात नसलेली शिखरे उभी करते. खिळा नेहमी सांध्यात मारायचा, दगडात किंवा विटेत कधीही नाही, म्हणजे काढल्यावर चुन्याने दर्ज भरता येतो. नोंदीची लांबी पहिल्या आवर्तकाळाच्या हजार ते दोन हजार पट हवी, म्हणजे १ हर्ट्झच्या मनोऱ्याला प्रत्येक नोंद किमान अर्ध्या तासाची. सेकंदाला १०० नमुने घेऊन नंतर २०–४० पर्यंत गाळले तरी चालते. वेगवेगळ्या लॉगरची घड्याळे मात्र जुळलेली हवीत. ०.१ सेकंदाची तफावत १ हर्ट्झला ३६ अंशांचा फेज-फरक (झोक्यांच्या तालातला फरक) दाखवते आणि कंपनाचा आकार वेडावाकडा होतो.

बहुतेक मनोऱ्यांत तापमान वाढले की वारंवारता वाढते. बांधकाम फुगून सूक्ष्म भेगा मिटतात म्हणून असे होते. गोठणाऱ्या थंडीत मात्र भिंतीतले पाणी बर्फ होते आणि वारंवारता अचानक वर जाते. लोखंडी ताणपट्ट्या असलेल्या मनोऱ्यात उन्हाने पट्ट्या सैल पडतात, तेव्हा एखादी वारंवारता उलट खाली येऊ शकते. या सगळ्यामुळे वर्षभरात ३–५ टक्के चढउतार सहज होतात, आणि शोधायचे नुकसान मात्र अर्धा-एक टक्का घटवणारे असते. म्हणून पूर्ण एक वर्ष फक्त शिकण्यात जाते. त्या वर्षाच्या नोंदींवरून वारंवारता आणि तापमान यांचे रिग्रेशन, म्हणजे दोन्हींचा संबंध सांगणारे गणिती प्रतिमान, बसवायचे. त्यात आत्ताचे तापमान घ्यायचे आणि काही तास आधीचेही. मग अपेक्षित आणि प्रत्यक्ष वारंवारतेतला उरलेला फरक नियंत्रण-आलेखावर, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या मर्यादा आखलेल्या आलेखावर, मांडायचा. सहा महिन्यांच्या नोंदींवर प्रतिमान बसवले तर पहिल्याच वेगळ्या ऋतूत खोटा धोका वाजतो.

ही पद्धत कुठे कामाला येते याची दोन उदाहरणे द्यावीशी वाटतात. मांटुआचा ५४ मीटर उंच गाब्बिया मनोरा मे २०१२ च्या भूकंपानंतर देखरेखीखाली आला. जून २०१३ मध्ये दूरवरच्या एका भूकंपाने त्याच्या वारंवारता किंचित खाली आल्या, आणि तापमान वजा केल्यावर ती घट स्पष्ट दिसली. पेरुजियाच्या सान पिएत्रो घंटामनोऱ्यावर २०१६ च्या मध्य इटलीतल्या भूकंपांआधीपासूनच सेन्सर होते. तिथेही मागे राहिलेली लहानशी कायमची घट पकडता आली. आधीची नोंद नसती तर दोन्हीकडे तुलना करायला काहीच नव्हते.

घंटा वाजत असतानाच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. झोके मोठे झाले की दगडी बांधकामाची वारंवारता तात्पुरती उतरते आणि अवमंदन (झोके विरण्याचा वेग) वाढते. तो बिघाड नसतो. पण झुलणाऱ्या घंटेच्या गतीची तिप्पट मनोऱ्याच्या पहिल्या वारंवारतेजवळ येते का, हे जरूर पाहावे. घंटा मिनिटाला २७ पूर्ण आवर्तने करत असेल तर तिची तिसरी हार्मोनिक (मूळ गतीची तिप्पट) १.३५ हर्ट्झला पडते. मनोरा १.४ चा असेल तर दर घंटानादाला अनुनाद होतो, म्हणजे ताल जुळून झोके वाढत जातात. झोक्याचा वेग किंवा कोन बदलणे हा त्यावर सोपा आणि स्वस्त उपाय.

पुन्हा पायथ्याकडे

बोलोन्याचा ४८ मीटर उंच, सुमारे ४ अंश कललेला गारिसेंदा मनोरा ऑक्टोबर २०२३ मध्ये भोवतालच्या परिसरासकट बंद करावा लागला. तिथली काळजी पायथ्याच्या सेलेनाइट (जिप्समच्या) दगडाची आणि आतल्या भरण्याची आहे. अशा ठिकाणी कंपनांच्या जोडीला अकूस्टिक एमिशनचे कान लावतात. माल आत फुटताना निघणाऱ्या अतिसूक्ष्म आवाजांची मोजणी करणारे हे पिझो सेन्सर असतात. भेगाळलेल्या बांधकामात आवाज लवकर विरतो, त्यामुळे एक सेन्सर जेमतेम मीटर-दीड मीटरची जागा ऐकतो. तो नेमका कोपऱ्यावर, तड्यांच्या जुडग्याजवळच हवा. पाऊस, पक्षी आणि सळसळणारी केबलसुद्धा आवाज करतात, म्हणून किमान दोन-तीन सेन्सरना एकाच वेळी ऐकू आलेल्या घटनाच मोजायच्या. एकूण संख्येपेक्षा वेग पाहावा. तापमान आणि वारा सारखे असताना दर आठवड्याच्या घटना वाढत असतील, आणि त्याच वेळी उभ्या तड्यांचा उन्हाळी किमान आकडा सरकत असेल, तर क्रीपने वेग घेतला आहे असे धरून वागावे. वारंवारता तोवर जागेवर असली तरी तिच्या भरवशावर राहू नये.

व्यवस्था बंद पडते ती बहुतेक क्षुल्लक गोष्टींनी. वरपासून खालपर्यंत सोडलेली तांब्याची केबल विजेची लाट थेट लॉगरपर्यंत आणते. फायबर वापरावे, नाहीतर दोन्ही टोकांना लाट-रोधक आणि नीट अर्थिंग द्यावे. पेट्यांना जाळी नसेल तर उंदीर केबल कुरतडतात आणि कबुतरे सेन्सरवर घरटी करतात. बॅटरी उतरली की आधी तापमानाचा चॅनेल भरकटतो आणि मग सगळे प्रतिमान चुकते. दर महिन्याला एकदा वर चढून प्रत्येक सेन्सरवर बोटाने टिचकी मारावी. पडद्यावर योग्य चॅनेल उडतो का ते पाहावे. हे पाच मिनिटांचे काम टाळल्यामुळे चॅनेलची अदलाबदल महिनोन्‌महिने लपून राहू शकते.

इशाऱ्याचे आकडे दुसऱ्या मनोऱ्यावरून उचलू नयेत. पहिल्या वर्षाच्या उरलेल्या फरकांचे प्रमाण-विचलन (सरासरीभोवतीच्या पसरणीचे माप) काढा. सलग काही दिवस त्याच्या तिप्पट बाहेर गेले तर पहिला इशारा. दोन वेगळ्या प्रकारची उपकरणे, समजा तडा आणि कल, एकाच वेळी बाहेर गेली तर दुसरा. पहिल्या इशाऱ्याला कोणी किती तासांत मनोऱ्यावर चढून पाहायचे, दुसऱ्याला घंटा बंद करून लोकांना किती अंतरावर रोखायचे, आणि हा निर्णय रात्री दोन वाजता कोण घेणार, हे नाव आणि फोन नंबरासह एका पानावर लिहून मनोऱ्याच्या दाराच्या आत आणि देखभाल करणाऱ्याच्या हाती ठेवावे. ते पान सेन्सर बसवायच्या आधी तयार असावे.